बिननावी जग

वाद सुरू झाला तो एका चिठ्ठीवरून. पुण्यात मातीकामाचा छोटा स्टुडिओ चालवणारी भाची तिरोड्याला आजोळी आली होती. मामाजींच्या फडताळातला तपकिरी जग तिला एका प्रदर्शनासाठी हवा होता. तिथे प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी लावायची असते : वस्तू काय, काळ कोणता, घडवली कोणी. पहिल्या दोन ओळी तिनं लिहिल्या आणि तिसरीपाशी ती अडली. मामाजी म्हणाले, "घडवली कोणी हे लिहायचं कामच काय? चिंच ठेवायचा जग, एवढं लिही नं."

मामाजी रेल्वेच्या मालधक्क्यावर आयुष्य काढून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. भाची चाकावर बसणारी. तिची नखं पाहिली तरी ते कळतं. मी मध्ये बसून चहा पिणारा तिसरा. जग म्हणाल तर दीडेक लिटरचा, गोल पोटाचा, आखूड मानेचा. ओठ बोटानं दाबून काढलेला, कान एकच. अंगावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे. तळ कोरा : ना शिक्का, ना आकडा.

भाची : आत हात घालून पाहा, मामाजी. बोटांच्या वळ्या लागतात. साच्यातून काढलेल्या भांड्याला बाहेरून शिवण दिसते, इथे ती नाही. तळाला दोऱ्यानं कापल्याच्या रेषा आहेत, म्हणजे चाकावरून उतरवलाय. आणि कान जिथे खाली पोटाला चिकटतो तिथे अंगठ्याचा दाब आहे. कुणाचा तरी आहे ना तो अंगठा?

मामाजी : आहे नं. मग झालं तर. ज्याले सही करता येत नव्हती तो अंगठाच लावत होता.

ती हसली नाही.

भाची : थट्टा नको. खरेदीखतावर अंगठा लावला तर शेजारी नाव लिहायचे. इथे नुसता अंगठाच आहे.

मामाजी : घरात सांगतात की बाबांनी हा जबलपूरहून आणला. तेव्हा गोंदियाहून नॅरोगेज होती, बालाघाट, नैनपूर करत जबलपूरले जायची. आता ब्रॉडगेज झाली. तिकडून बरण्या यायच्या, पेंढ्यात गुंडाळलेल्या. फुटतूट झाली की पावतीवर शेरा मारावा लागे. तेवढा मले कारखान्याच्या मालाचा अनुभव आहे.

जबलपूरचं नाव निघालं ते वाऱ्यावरचं नव्हे. बर्न कंपनी आणि परफेक्ट पॉटरी या दोघांचेही कारखाने तिथे होते, आणि सातपुड्यातून जाणारी ती छोटी लाइन विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत सुरू झाली होती. बर्नचा मोठा माल म्हणजे मीठ-झिलईचे नळ, शहरांच्या सांडपाण्याचे. भट्टी बाराशे अंशांच्या आसपास पोचली की आत मीठ टाकायचं. त्याची वाफ होते, त्यातला सोडियम मातीतल्या सिलिकेला धरतो आणि भांड्यावर काचेचा पातळ थर चढतो. ते बारीक खड्डे या थराचेच. लोणच्याची बरणी आणि गटाराचा नळ ही एकाच विद्येची लेकरं आहेत, हे आपल्या स्वयंपाकघरांना सांगायला नको.

भाची : कारखान्यातला असेल, मी नाही म्हणत नाही. कारखान्यातही चाकावर हातानं काढणारी माणसं असत. पण तळाला शिक्का असता तर तो कंपनीचाच असता. म्हणजे तेव्हाही नाव मिळालं नसतंच.

मामाजी : काऊन नाही? कंपनीचं नाव म्हणजे नाव नाही का? तूच मघा म्हणत होती, गुजरातेत थानगडले चिनी मातीचा धंदा आपल्या मराठी माणसानं काढला म्हणून.

भाची : परशुराम गणपुले. हो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात माणूस तिकडे जातो, तिथली माती ओळखतो, परशुराम पॉटरी उभी करतो, आणि पुढे तो सगळा पट्टाच या धंद्याचा होतो. मला त्याचा अभिमान आहे. पण त्यानं कारखाना घडवला, मामाजी. जग घडवणारा वेगळा.

मामाजी : हे पाह्य. आपल्या गोंदियात विडी वळतात. बंडलावर कोणाचा फोटो असते? मालकाचा. हजार विड्या वळणारी बाई घरी बसून वळते, तिले मजुरी मिळते. कोणी पानठेल्यावर जाऊन म्हणते का, मले अमक्या बाईच्या हातची विडी दे? विडी चांगली लागली पाहिजे, बस.

भाची : आणि हजारामागे तिला काय मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तिचं नाव कुणी विचारत नाही, म्हणूनच ती नाही तर दुसरी चालते. आणि दुसरी चालते म्हटलं की भाव तिथेच राहतो.

मामाजींनी यावर लगेच काही म्हटलं नाही. जग उचलला, बोटाच्या पेरानं टिचकी मारली. खणखणीत आवाज आला. तडा गेलेलं भांडं असा आवाज देत नाही, बद्द वाजतं.

मामाजी : गोरोबाकाकांनी संतांची डोकी अशीच थापटली होती म्हणतात. नामदेव कच्चे निघाले. आता सांग, गोरा कुंभार म्हणजे महाराष्ट्रातल्या कुंभारांत सगळ्यात मोठं नाव. त्यांचं एक तरी मडकं कोणी दाखवू शकते का? नाव राह्यलं ते अभंगानं. मडक्यावर नाव टाकून माणूस राहत नाही, बेटा.

भाची : आणि गोरोबांच्याच गावी, तेरला, संग्रहालय आहे. गोरोबांच्या कितीतरी शतकं आधीची सातवाहनकाळातली भांडी, मातीच्या मूर्ती, दिवे तिथे ठेवलेत. भांडी आहेत, पण करणाऱ्याचं नाव एकाचंही नाही. ज्याचं नाव आहे त्याचं भांडं नाही आणि ज्यांची भांडी आहेत त्यांचं नाव नाही. हे तुम्हाला ठीक वाटतं?

मामाजी : मले ठीक वाटते. भांडं राह्यलं नं?

खरं सांगायचं तर माझा कल इथे भाचीकडे झुकू लागला होता. कारण लोक नावं कोरत नव्हते असं मुळीच नाही. आपल्याच वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यात पवनीला स्तूप निघाला. १९६९-७० साली तिथे उत्खनन झालं. त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी अक्षरांत नावं आहेत, ती दान देणाऱ्यांची. दोन हजार वर्षांपूर्वीही ज्यानं पैसा दिला त्याचं नाव दगडात गेलं. विदर्भातल्या शिळावर्तुळांच्या लोकांनी मडक्यांवर रेघोट्या ओढून खुणा केल्या आहेत. ती खूण कुंभाराची की मडक्याच्या धन्याची, यावर अभ्यासक अजून डोकं खाजवतात. मी हे बोलून दाखवलं तर मामाजी म्हणाले, "तुम्ही तिसऱ्या पंचासारखे गप्प बसा." मग मी गप्प बसलो.

यानंतर मामाजींनी जे सांगितलं ते त्यांच्या बाजूचं सगळ्यात वजनदार बोलणं होतं.

मामाजी : तुम्हा शहरातल्या लोकांले नाव लागते, कारण तुम्ही करणाऱ्याले पाहत नाही. आमच्या लहानपणी मडकं कोणाचं हे विचारायची पाळी येत नव्हती. आठवडी बाजारात तो समोर बसलेला. खळ्यावर धान निघाला की आपला वाटा न्यायले घरी येणार. मडकं पाझरलं जास्त, तर दुसऱ्या बाजारी त्याच्यासमोर नेऊन आपटायचं. तो बदलून देणार. शिक्का कशाले पाहिजे? आणि उन्हाळ्यात या जगाचा उपयोग का? यात पानी ठेव, मे महिन्यात संध्याकाळपर्यंत चहा टाकायच्या लायकीचं होते. थंड पानी द्यायले ते बिननावाचं मडकंच लागते.

हे शास्त्रानंही खरं आहे. गावच्या भट्टीत मडकं सात-आठशे अंशांवर, फार तर थोडं वर भाजलं जातं. त्याच्या अंगात छिद्रं राहतात, पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार होतं. या जगासारखं स्टोनवेअर बाराशेच्या पुढे भाजतात. तिथे माती वितळायला लागून छिद्रं बुजतात. म्हणून त्यात लोणचं मुरतं, चिंच टिकते, मीठ आणि आंबट त्याला खात नाही, पण पाणी गार होत नाही. तिरोड्याच्या उन्हाळ्यात हा जग म्हणजे केवळ देखणा पाहुणा.

भाचीनं हे सगळं ऐकून घेतलं, आणि मग एकच प्रश्न विचारला.

भाची : त्या कुंभाराला तुम्ही काय हाक मारायचा?

मामाजी : ... कुंभार म्हणत होतो.

भाची : नाव?

मामाजी : असंन नं काहीतरी. बाबांले माहीत असंन.

भाची : आणि त्याच्या बायकोचं? माती आणणं, चाळणं, तुडवणं, मडकी वाळवणं, डोक्यावर घेऊन बाजारात नेणं, हे सगळं तिचं. चाकाला मात्र तिनं हात लावायचा नाही. तिला काय म्हणायचा?

मामाजी : कुंभारीण.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मामी आतून म्हणाल्या, त्या बाईचं नाव त्यांना आठवतं. आणि त्यांनी ते सांगितलंही. ते मी इथे लिहीत नाही. त्या बाईच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते छापणं बरं नव्हे. पण आठवत होतं, हे खरं.

भाची : म्हणजे तुम्ही म्हणता तो समोरासमोरचा विश्वास होता, तो मला मान्य आहे. पण त्यात माणूस जातीनं ओळखला जायचा. नावानं नाही. कारखान्यात गेला तर शिक्का मालकाचा. लंडनला डोल्टनच्या कारखान्यात १८७० नंतर कलाशाळेतल्या मुली जगांवर चित्रं कोरायच्या. हॅना बार्लो घोडे, गुरं कोरायची आणि तळाशी स्वतःची आद्याक्षरं टाकायची. तेवढं तरी तिला मिळालं. पण ते भांडं चाकावर ज्यानं उभं केलं, ज्यानं कान ओढून लावला, त्यांचं नाव सहसा नाही.

मामाजी : मग तूच सांग नं, या एका जगावर किती नावं टाकशील? माती काढणारा, मळणारा, चाकावाला, कान लावणारा, आणि भट्टीवाला. मीठ किती टाकायचं, कधी टाकायचं, लोखंडी सळईनं आतली नमुन्याची कडी ओढून झिलई पाहायची, हे त्याच्या हाती. त्याचा अंदाज चुकला तर सगळा माल गेला. खरं तर जग त्याचा आहे. तुझा चाकावाला काऊन मोठा?

हा प्रश्न भाचीला लागला, कारण ती स्वतः चाकावाली. तिनं उत्तर आडवळणानं दिलं. ते मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या एजफील्ड भागात एकोणिसाव्या शतकात स्टोनवेअरच्या भट्ट्या होत्या आणि त्यांवर गुलाम राबत होते. त्यांतला एक डेव्ह. गुलामीतून सुटल्यावर तो डेव्हिड ड्रेक झाला. गुलामांना लिहावाचायला शिकवणं गुन्हा ठरवणारा कायदा त्या राज्यात १८३४ साली झाला. आणि हा माणूस ओल्या मातीच्या भांड्यांवर तारीख टाकत होता, स्वतःचं नाव टाकत होता, कधी दोन ओळींचं कवन कोरत होता. भांडी लहानसहान नव्हेत. १८५९ सालचा त्याचा एक रांजण चाळीस गॅलनांहून मोठा आहे, म्हणजे दीडशे लिटरच्या वर. भांडं मालकाचं, करणारासुद्धा मालकाच्या मालकीचा, तरी भांड्याच्या खांद्यावर ठसठशीत 'डेव्ह'.

भाची : त्याला नावानं भाव मिळणार नव्हता. मजुरीच नव्हती तर भाव कुठला? तरी टाकलं. मग नाव हे शहरी चोचले आहेत असं कसं म्हणता?

मामाजी : हौ, माणूस जबर होता. मानला. आता ते रांजण कोठे आहेत?

भाची : संग्रहालयांत. १८५८ सालचा एक २०२१ मध्ये लिलावात गेला. पंधरा लाख साठ हजार डॉलरला.

मामाजी : त्यातले त्याच्या घरच्यांले किती?

भाची : त्या लिलावातले? काही नाही.

मामाजी : मग? पाह्यलं? नाव त्याचं, पैसा दुसऱ्याचा. नाव आलं की भाव येते, भाव आला की वस्तू फडताळातून काचेच्या पेटीत जाते. ज्यानं केली त्याच्या नातवालेही ती घेणं परवडत नाही. माझा हा जग तू पुण्याले नेशील, खाली चिठ्ठी लावशील, कोणी म्हणेल विकता का. मी विकणार नाही, पण भाव तर कानावर पडंन. मग मामी यात चिंच ठेवायले भिणार.

मामाजींचा हा मुद्दा खोडणं कठीण आहे. जपानात यानागी सोएत्सू यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अनाम कारागिराच्या सौंदर्याचा गौरव सुरू केला. रोजच्या वापरातली, सही नसलेली भांडीच सर्वांत सुंदर, असं त्यांचं म्हणणं. १९३६ साली टोकियोला लोककलांचं संग्रहालयही उभं राहिलं. त्यांचे मित्र हामादा शोजी आपल्या भांड्यांवर सही करत नसत. भाचीनंच सांगितलं, आणि सांगताना तिला हसू आवरेना : भांड्यावर सही नाही, पण ज्या लाकडी पेटीत ते भांडं गिऱ्हाइकाला देत, त्या पेटीवर सही असे. आणि आज पेटीसह भांड्याचा भाव वेगळा, पेटीविना वेगळा. अनामतेचा गौरव करणाऱ्यांची नावं जगभर झाली, ज्यांचा गौरव झाला ते अनामच राहिले. मला तरी यात यानागींचा दोष कमी आणि गिऱ्हाइकाचा जास्त दिसतो.

मामाजी : हा जपानी बरा वाटते मले. भांड्याले हात लावला नाही, पेटीवर निपटवलं.

भाची : तुम्हाला आणखी एका गोष्टीसाठी बरा वाटेल. त्याच्या गावाकडे, माशिकोला, धानाच्या भुशाच्या राखेची झिलई वापरतात. पांढरी, दुधाळ. भुसा जाळला की पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. गोंदियाच्या राईस मिलच्या मागे जे ढीग पडलेले असतात ना, ती झिलईच आहे.

मामाजी : ते काळे ढीग? ज्याच्यानं डोळ्यात कचरा जाते?

भाची : नीट जाळून, धुऊन घेतले तर.

यानंतर बराच वेळ राखेवर गेला. मामाजींना वस्तूंच्या वाटा कळतात. कोणती मिल बॉयलरला भुसा जाळते, कोणत्या मिलची राख पांढरट असते, ती नेणारा ट्रॅक्टर कुठे मिळतो, हे सगळं त्यांनी सांगितलं. तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्राची राखही त्यांनी सुचवली. ३३०० मेगावॅटचं केंद्र आहे, राखेला काय तोटा. भाची म्हणाली की ती दगडी कोळशाची, तिच्यात लोह आणि काय काय असतं, खायच्या भांड्याला ती तपासल्याशिवाय लावणार नाही. त्या राखेच्या विटा होतात, आणि त्या विटांनी मातीच्या विटा पाडणाऱ्यांचा धंदा कसा बदलला तो वेगळाच विषय. मामाजी त्यात शिरणार होते, भाचीनं त्यांना परत ओढलं.

भाची : भद्रावतीला मिरमिरांनी ग्रामोदय संघ काढला, तो कशासाठी? गावच्या कुंभाराला उंच भट्टी, झिलई, नवं चाक शिकवावं, म्हणजे प्लास्टिक आणि स्टीलपुढे त्याचा टिकाव लागेल. मडकी बंद झाली तरी हातातलं कसब बंद पडू नये. हा जग तिथला असेल अशी मला अजून शंका आहे. कान फार मोकळेपणानं ओढलाय, ठरलेल्या मापाच्या कामाचा वाटत नाही.

मामाजी : बाबा गेल्यावर आता त्याचा निकाल लागत नाही. पण मिरमिरांचं नाव तुले आलं नं? शिकवणाऱ्याचं. शिकून जे गावोगाव गेले त्यांची?

भाची : थोड्यांची येतात. ब्रह्मदेव पंडित घ्या. बिहारमधल्या कुंभाराच्या घरातले, भाईंदरला स्टुडिओ टाकला, स्टोनवेअर केलं, २०१३ साली पद्मश्री मिळाली. कुंभाराच्या पोरानं स्वतःच्या नावानं भांडं विकलं. मला ही वाट हवी आहे, मामाजी. डेव्हसारखी मेल्यावरची नाही.

मामाजी : एकाले पद्मश्री भेटली, चांगलंच झालं. तू तुझं सांग. तुझ्या कपाखाली कोणाचं नाव असते?

भाची : स्टुडिओचं.

मामाजी : म्हणजे तुझं.

भाची : ...हो. माझंच.

मामाजी : माती कोण मळते?

भाची : दोघी आहेत. एकीला सात वर्षं झाली. आता ती कानही लावते.

मामाजी काही बोलले नाहीत, फक्त जगाच्या कानाखालच्या अंगठ्याकडे पाहिलं. भाचीनं मान वळवली. मला वाटलं आता वाद मिटला, पण मामाजींना तो मिटवायचा नव्हता.

मामाजी : तिचं नाव टाकायचं म्हणशील तर टाक, माझी ना नाही. पण आधी भाव सांग. एक कप कितीले विकते तू?

भाची : साडेचारशे.

मामाजी : आणि तिले महिन्याचे?

तिनं आकडा सांगितला. मामाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची बाजू काढली, पेन मागवलं. महिन्याला किती कप निघतात, किती भट्टीत फुटतात, गॅसची टाकी किती दिवस पुरते, दुकानवाला किती टक्के कापतो, हे एकेक विचारत ते लिहीत गेले. भाची सांगत गेली. दोनदा तिनं आकडा बदलला, एकदा कॅल्क्युलेटर उघडला. मामींनी दुसऱ्यांदा चहा ठेवला. बेरीज झाली तेव्हा मामाजींनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "भुशाची राख इथून नेली तर झिलईचा खर्च कमी होईल. तेवढे तिच्या महिन्यात घाल. नाव मग टाक."

"दोन्ही एकदमच करीन," भाची म्हणाली.

"राखेच्या गाडीभाड्याचं का?" मामाजींनी विचारलं आणि कागद पुन्हा पुढे ओढला.